बाटाच्या फॅक्टरीतला पोरगा बर्फात मिलिटरीचे बूट घालून पळायचा, पुढं त्यानं आठ दिवसांत ३ गोल्ड मेडल मारली

बाहेर बर्फ साचलाय. पारा शून्याच्या खाली. घड्याळात संध्याकाळचे सहाच वाजलेत, पण अंधार मध्यरात्रीसारखा. आणि अशात तुम्हाला पळायला जायचंय.

पायात काय घालणार?

आज या प्रश्नाला उत्तरं भरपूर आहेत. पाणी आत न येऊ देणारे शूज आहेत, तळाला खोल खाचा असलेले ट्रेल शूज आहेत, बर्फात रुतणारे धातूचे टोकदार खिळे बसवलेले शूज आहेत. पैसे मोजायची तयारी असली की दुकानदार समोर ढीग लावतो.

पण दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या चेकोस्लोव्हाकियाच्या मिलिटरी अकॅडमीत दाखल झालेल्या एका पोराकडं यातलं काहीच नव्हतं. दिवसभर ड्युटी, परेड, लेक्चर. पळायला वेळ मिळायचा तो अंधार पडल्यावर. त्यानं सरळ मिलिटरीचे जड बूट चढवले, हातात बॅटरी घेतली आणि बर्फात पळायला सुटला.

त्याचं नाव एमिल झाटोपेक. एकाच ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा आजवरचा एकमेव माणूस.

आणि गंमत बघा, मिलिटरीत जायच्या आधी हा गडी कामाला होता बुटांच्याच फॅक्टरीत. ती पण साधीसुधी नाही. बाटाच्या.

हो, तीच बाटा. शाळेचे काळे बूट, पीटीच्या तासाचे पांढरे कॅनव्हास, आणि ज्या किमतींच्या शेवटच्या ९९ वरून अजूनही जोक होतात ती बाटा. कोलकात्याजवळचं बाटानगर १९३० च्या दशकात वसलं आणि तेव्हापासून ही कंपनी आपल्याकडं इतकी मुरली की ती भारतीयच आहे असं कित्येकांना वाटतं. पण तिचं मूळ गाव झ्लिन. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. टोमाश बाटानं १८९४ साली भावाबहिणीसोबत तिथं धंदा सुरू केला आणि बघता बघता सगळं गावच कंपनीचं झालं. लाल विटांच्या फॅक्टऱ्या, लाल विटांची कामगारांची घरं, कंपनीची शाळा, कंपनीचं हॉस्पिटल.

एमिल या गावात आला तेव्हा टोमाश बाटा विमान अपघातात जाऊन काही वर्षं झाली होती, पण कारखाना जोरात होता. एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, मोराविया भागातल्या कोप्रिव्हनित्से नावाच्या गावचा. घरात पोरांचं लेंढार, कमावणारा एकटा बाप. बाप टाट्राच्या कारखान्यात कामाला. आपल्या लष्करात जे टाट्रा ट्रक दिसतात ते मूळचे याच गावचे. पोराला पुढं शिकवायला पैसा नव्हता, म्हणून वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी त्याला बाटाकडं धाडण्यात आलं. दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी कंपनीच्या शाळेत शिक्षण, अशी तिथली पद्धत होती.

पळण्याचा नाद वगैरे काही नव्हता. उलट कंटाळाच होता.

वय अठरा-एकोणीस. देश जर्मनांच्या ताब्यात. बाटा कंपनी दरवर्षी झ्लिनमध्ये पळण्याची शर्यत भरवायची आणि त्यात पोरं उतरवणं ही कारखान्यातल्या कडक शिस्तीच्या कोचची जबाबदारी. त्यानं चार पोरांकडं बोट दाखवलं आणि पळायचं फर्मान काढलं. त्या चारात एमिल. एमिलनं तब्येतीचं कारण पुढं केलं. कोचनं त्याला डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरनं ठणठणीत असल्याचा शेरा दिला. झालं, सुटका नाही.

मनाविरुद्ध उतरलेला हा गडी शंभर जणांत दुसरा आला. आणि दुसरा आलो, पहिला का नाही, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

मग तो झ्लिनच्या ॲथलेटिक्स क्लबात जायला लागला. तिथं यान हालुझा नावाचा धावपटू त्याला भेटला, सुरुवातीचं मार्गदर्शन त्यानंच केलं. पण एमिलची खरी शाळा होती स्वतःवरचे प्रयोग. फिनलंडच्या पावो नुर्मीबद्दल जे काही वाचायला मिळेल ते वाचायचं आणि करून बघायचं. कामावर जाताना रस्त्याच्या कडेला पॉप्लरची झाडं होती. आज चौथ्या झाडापर्यंत श्वास रोखून चालायचं, उद्या पाचव्यापर्यंत, परवा सहाव्या. असं वाढवत वाढवत एक दिवस पठ्ठ्या चक्कर येऊन पडला.

त्यानं आणखी एक साधा हिशेब मांडला. आपण सावकाश पळण्यात तरबेज आहोतच, मग सरावातही सावकाशच कशाला पळायचं? सरावात वेगानं पळायचं. पण लांब अंतर वेगानं पळता येत नाही. मग ते तोडायचं. २०० मीटर जोरात, थोडं हळू, परत जोरात. ४०० मीटर जोरात, थोडं हळू, परत ४००. याला आज इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात आणि जगातला प्रत्येक कोच ते करून घेतो. झाटोपेकनं ते शोधलं असं म्हणता येणार नाही, त्याच्या आधीही लोक करत होते. पण इतक्या राक्षसी प्रमाणात कुणी करत नव्हतं. त्याच्या वेळचे जाणकार त्याला वेड्यात काढायचे. १९४४ साली त्यानं २,०००, ३,००० आणि ५,००० मीटरचे राष्ट्रीय विक्रम मोडले, तेव्हा कुठं लोक थोडे गप्प झाले.

१९४५ ला युद्ध संपलं. एमिलनं बाटा सोडली आणि सैन्यात गेला. बाटाचे कारखाने सरकारजमा झाले, पुढं झ्लिनचं नावसुद्धा बदलून कम्युनिस्ट नेत्याच्या नावावरून गॉटवाल्डोव्ह केलं गेलं. एमिल मात्र ह्रानित्सेच्या मिलिटरी अकॅडमीत होता. आणि इथंच ते बूट येतात.

आता बुटांचं नीट समजून घेऊया, कारण झाटोपेकची गोष्ट सांगताना हा भाग नेहमी घाईत उरकला जातो. बर्फात जड बूट घालून पळायचा म्हणजे किती कष्टाळू होता, एवढंच सांगून लोक पुढं जातात. खरं तर त्या काळच्या पळण्याच्या बुटांकडं बघितलं, तर दुसरा मार्गच नव्हता.

१९४० च्या दशकात पळायचे शूज म्हणजे दोन प्रकार. ट्रॅकवरचे स्पाइक्स, म्हणजे पातळ चामड्याचा बूट आणि तळाला लोखंडी खिळे. किंवा मग कॅनव्हासचे सपाट रबरी बूट. आज पायाखाली जो जाड मऊ फोमचा थर असतो तो १९७० च्या दशकात आला. पाणी अडवणारं पण घामाची वाफ बाहेर जाऊ देणारं गोअर-टेक्ससारखं कापडही त्याच दशकातलं. म्हणजे बर्फात पळायचं तर एमिलसमोर तीन पर्याय. स्पाइक्स घातले तर पातळ चामडं दहा मिनिटांत भिजणार आणि गोठलेल्या दगडी रस्त्यावर खिळे वाकणार. कॅनव्हास घातला तर स्पंजासारखं पाणी पिणार, वर सपाट तळ असल्यामुळं घसरगुंडी. तिसरे होते मिलिटरीचे बूट.

त्या बुटांमध्ये थंडीत पळणाऱ्याला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपोआप होत्या. जाड चामडं, त्यामुळं पाय लवकर भिजायचा नाही. आणि थंडीत पाय भिजणं हे थंडीपेक्षाही वाईट. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून कोरड्या पायानं उणे दहा सोसतं, पण ओल्या पायानं शून्यसुद्धा सोसत नाही. दुसरं, बूट घोट्याच्या वर यायचा. सैल बर्फ वरून आत शिरायचा नाही, आणि अंधारात बर्फाखाली लपलेल्या चाकोरीत पाय पडला तर घोट्याला आधार. तिसरं, दणकट तळ. खालून येणारा गारठा जाड तळ अडवतो. चौथं, आत जाड मोजा मावेल एवढी जागा.

हा चौथा मुद्दा आजही सगळ्यात जास्त लोक चुकतात. थंडी म्हणून जाड मोजे घेतात आणि ते नेहमीच्या मापाच्या शूजमध्ये कोंबतात. बोटं आवळली जातात, रक्त पोचत नाही, आणि जाड मोजा असूनही बोटं बधिर होतात. थंडीच्या शूजचं माप थंडीचे मोजे घालूनच बघायचं असतं. बोटं आत हलली पाहिजेत. मोजा लोकरीचा असला तर उत्तम, कारण लोकर ओली झाली तरी ऊब पुरती सोडत नाही. सुती मोजा ओला झाला की संपला विषय.

मग या बुटांचा तोटा काय? वजन. हा तोटा छोटा नाही. पुढं शास्त्रज्ञांनी मोजून बघितलं, तर प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढलं की पळताना ऑक्सिजन साधारण १ टक्का जास्त लागतो. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं आणि पुढं फेकावं लागतं, त्यामुळं पाठीवरच्या वजनापेक्षा ते जास्त महागात पडतं. शर्यतीत हे आत्मघातकी. पण झाटोपेक शर्यत पळत नव्हता, सराव करत होता. त्याला दम लागायलाच हवा होता. बर्फात बूट रुतायचे, मांड्या भरून यायच्या, आणि वसंतात ट्रॅकवर हलके स्पाइक्स चढवले की पायात काही घातलंच नाही असं वाटायचं.

म्हणून उद्या कुणी मिलिटरीचे बूट घालून पळायला निघालं तर ते झाटोपेकचं अनुकरण नाही. त्या बुटांचा तळ वाकत नाही, पोटऱ्या आणि टाचेच्या नसेवर ताण येतो, आणि सवय नसलेला माणूस दोन आठवड्यांत जायबंदी होतो. झाटोपेक दिवसभर तेच बूट घालून वावरायचा, हा फरक लक्षात घ्या.

शिवाय सगळ्या हवामानाला एकच बूट, असंही त्याचं नव्हतं. बाहेर पळणं अशक्य झालं तर तो अकॅडमीतल्या घोडेस्वारीच्या बंदिस्त हॉलमध्ये पळायचा. बर्फ असेल तर बूट, ट्रॅक असेल तर स्पाइक्स. थंडीचे शूज निवडताना लोक आधी ब्रँड बघतात, मग रंग, मग किंमत. जमीन कशी आहे हे शेवटी. वास्तविक सगळं तिथूनच ठरतं. ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर खोल खाचांचा तळ पुरतो. वितळून परत गोठलेला काचेसारखा बर्फ असेल तर जगातलं कुठलंही रबर पकडत नाही, तिथं धातूचे खिळेच लागतात. आणि रस्ता नुसता थंड पण कोरडा असेल तर नेहमीचे शूज चालतात. फक्त फोम आणि रबर थंडीत कडक होतं, त्यामुळं पहिली काही मिनिटं पायाखाली लाकूड असल्यासारखं वाटतं. पाणी अडवणाऱ्या शूजचीही एक खोड आहे. वरून घोट्यातून पाणी आत गेलं तर ते बाहेर पण जात नाही. त्यामुळं घोट्याच्या वर बर्फ असेल तर महागड्या वॉटरप्रूफ शूजपेक्षा घोटा झाकणारी पट्टी जास्त कामाची.

असो. परत एमिलकडं.

१९४६ साली बर्लिनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांच्या स्पर्धा होत्या. चेकोस्लोव्हाकियाकडून एकटा झाटोपेक. संचलनात बाकीच्या देशांची पथकं चालतायत आणि यांच्या पाटीमागं एकच माणूस, म्हणून स्टेडियम हसलं. ५,००० मीटरच्या शर्यतीत त्यानं सगळ्यांना मागं टाकलं, मग हसणं थांबलं.

१९४८ चं लंडन ऑलिम्पिक. १०,००० मीटरमध्ये गोल्ड. ५,००० मीटरची फायनल पावसात झाली, राखेचा ट्रॅक चिखल झालेला. बेल्जियमचा गॅस्टन रीफ बराच पुढं गेला होता आणि झाटोपेक हरल्यात जमा. शेवटच्या फेरीत त्यानं असा काही जोर काढला की अंतर कापत कापत अवघ्या ०.२ सेकंदानं मागं राहिला. सिल्व्हर.

त्याच वर्षी त्यानं लग्न केलं. बायको डाना, भालाफेकपटू. दोघांचा जन्म एकाच दिवशी, एकाच वर्षी झालेला. योगायोग म्हणावा तर असा.

संसारातही पळणं सुटलं नाही. एकदा कपडे धुवायची वेळ आली तेव्हा टबात पाणी, साबण आणि कपडे टाकून त्यावर उभ्या उभ्या पळत राहिला असं सांगतात. कपडेही धुतले गेले, सरावही झाला. पहाऱ्याची ड्युटी असेल तर जागेवर पळायचा. बायकोला पाठीवर घेऊन पळायचा, ज्याचा पुढं त्याला फटका बसला. सरावाचं प्रमाण तर विचारू नका. एका दिवसात चाळीस वेळा ४०० मीटर, म्हणजे नुसतं जोरात पळणंच १६ किलोमीटर. आणि पुढं १९५४ च्या आसपास काही दिवस तर शंभर वेळा ४०० मीटर. सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास.

पळताना तो दिसायचा मात्र भयंकर. मान वाकडी, जीभ बाहेर, चेहरा असा की आत्ता कोसळेल. श्वासाचा आवाज एवढा मोठा की त्याला चेक लोकोमोटिव्ह, म्हणजे चेक रेल्वे इंजिन हे नाव पडलं. शेजारून पळणारे नवखे या चेहऱ्याला फसायचे. हा संपला असं त्यांना वाटायचं आणि तेवढ्यात हा वेग वाढवायचा.

मग आलं १९५२. हेलसिंकी.

जायच्या आधीच गोंधळ झाला. संघातला १५०० मीटरचा धावपटू स्टानिस्लाव्ह युंगविर्थ याला सरकारनं ऐनवेळी वगळलं. कारण त्याचा बाप राजकीय कैदी. झाटोपेकनं सांगून टाकलं की तो जाणार नसेल तर आपणही जाणार नाही. हा कम्युनिस्ट राजवटीतला सैन्याधिकारी होता, पार्टीचा लाडका हिरो होता, आणि त्या काळात माणसं यापेक्षा कमी कारणावरून तुरुंगात जात होती. संघाचं विमान त्याला न घेता उडालं. शेवटी सरकार नमलं आणि दोघेही मागाहून हेलसिंकीला पोचले.

२० जुलै, १०,००० मीटर, गोल्ड. २४ जुलै, ५,००० मीटर, शेवटच्या वळणावर चौथ्या नंबरवरून पहिला, गोल्ड. त्याच दिवशी थोड्या वेळानं डाना भालाफेकीला उतरली. नवऱ्याचं मेडल शकुन म्हणून तिनं आपल्या बॅगेत ठेवलं होतं. पहिल्याच फेकीत ५०.४७ मीटर. घरात एका दिवसात दोन गोल्ड.

एवढ्यावर माणूस थांबला असता. पण झाटोपेकनं मॅरेथॉनला नाव दिलं. आयुष्यात तो एकदाही मॅरेथॉन पळला नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की ब्रिटनचा जिम पीटर्स सगळ्यात भारी आहे. पीटर्सनं काही आठवड्यांपूर्वीच मॅरेथॉनची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. म्हणून हा पीटर्सच्या शेजारी जाऊन पळायला लागला, ओळख करून घेतली, आणि थोड्या अंतरावर त्याला विचारलं की हा वेग बरोबर आहे ना. दमत आलेल्या पीटर्सनं त्याला फसवायला वेग कमीच असल्याचं सांगितलं. झाटोपेकनं ते खरं मानलं आणि वेग वाढवून निघून गेला. पीटर्सच्या पायात गोळे आले, त्यानं शर्यत सोडली. झाटोपेक दोन तास तेवीस मिनिटांत स्टेडियममध्ये शिरला. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा धावपटू त्याच्या अडीच मिनिटं मागं होता. जमैकाच्या रिले संघानं त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली.

तिन्ही शर्यतींत ऑलिम्पिक रेकॉर्ड. त्यावेळी त्याच्या पायात कुठले शूज होते याचं श्रेय पुढं एकापेक्षा जास्त कंपन्यांनी घेतलं. ज्या बुटांनी हे पाय घडवले त्यांची जाहिरात कुणी केली नाही, कारण ते सरकारी होते.

पुढची दोन वर्षं पण त्याचीच होती. १९५१ मध्येच त्यानं तासाभरात २० किलोमीटरपेक्षा जास्त पळून दाखवलं होतं, हे करणारा तो पहिला. १९५४ मध्ये १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत पळणाराही पहिला. एकूण १८ जागतिक विक्रम. मग शरीर कुरकुरायला लागलं. डानाला पाठीवर घेऊन सराव करताना हर्निया झाला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर अवघ्या दीडेक महिन्यात तो १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळला. सहावा आला. जिंकला तो फ्रान्सचा अलाँ मिमून, जो वर्षानुवर्षं झाटोपेकच्या मागं दुसरा येत होता. शर्यत संपल्यावर झाटोपेकनं डोक्यावरची टोपी काढून त्याला सलाम केला आणि मिठी मारली.

१९५७ नंतर स्पर्धा थांबल्या. सैन्यात तो कर्नल झाला. जगभरचे धावपटू प्रागला आले की त्याच्या घरी मुक्कामाला यायचे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क आला. विक्रमांची रांग लावणारा, पण ऑलिम्पिक गोल्ड कधीच न मिळालेला. निघताना विमानतळावर झाटोपेकनं त्याच्या हातात एक छोटं पुडकं दिलं. क्लार्कला वाटलं, देशाबाहेर न्यायचा काही गुप्त निरोप असेल. घाबरत घाबरत नंतर उघडलं तर आत १९५२ चं १०,००० मीटरचं गोल्ड मेडल.

आणि मग १९६८.

चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचं वारं सुटलं होतं, त्याला प्राग स्प्रिंग म्हणतात. सुधारणांची बाजू घेणारा दोन हजार शब्द नावाचा जाहीरनामा निघाला, त्यावर झाटोपेकची सही होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा तो वेन्सेस्लास चौकात लोकांमध्ये होता आणि उघड विरोधात बोलत होता. सोव्हिएत संघाला मेक्सिको ऑलिम्पिकमधून वगळा, अशी मागणी त्यानं केली.

किंमत मोजावी लागली. सैन्यातून काढलं, पार्टीतून काढलं, क्लबातली कोचची जागा गेली. देशातल्या सगळ्यात मोठ्या हिरोला दुसरं काम मिळेना. शेवटी जमिनीत बोअर मारून तपासणी करणाऱ्या एका टोळीत तो मजुरीला लागला. साइटवरच्या गाडीत राहायचं, पाइप ओढायचे, चिखलात आणि बर्फात खोदायचं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी डानाकडं प्रागला यायचं. वय पन्नाशीला टेकलेलं. हे काही महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं आपल्या जुन्या भूमिकेतून जाहीर माघार घेतली. यावरून चेक लोकांत अजून वाद आहेत. काहींना तो वाकला म्हणून राग आहे. युंगविर्थसाठी विमान सोडणारा माणूस इथं का थांबला, असा त्यांचा सवाल असतो. त्या राजवटीत न वाकता जगलेली माणसं थोडी होती, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तुरुंगात वर्षं काढली, हे दोन्ही लक्षात ठेवूनच याकडं बघायला हवं. माघारीनंतरही त्याला जुनं स्थान मिळालं नाहीच. प्रागमध्ये एका कचेरीत परदेशी क्रीडा मासिकं वाचून त्यातलं कामाचं भाषांतर करायचं, असं काम मिळालं. अनेक भाषा येत असल्यामुळं ते त्याला जमलंही.

१९८९ ला कम्युनिस्ट राजवट कोसळली. १९९० मध्ये वात्स्लाव्ह हावेल यांच्या सरकारनं त्याच्यावरचा डाग पुसला. तोवर तो थकला होता.

नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये एमिल झाटोपेक गेला. वय ७८. त्याला निरोप द्यायला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात लोक लोटले, जगभरातून जुने धावपटू आले. डाना त्याच्यानंतर जवळपास वीस वर्षं जगली, मार्च २०२० मध्ये ९७ व्या वर्षी गेली. दोघांच्या अस्थी रोझनोव्ह पॉड राधोश्टेम या डोंगरपायथ्याच्या गावात आहेत. कोप्रिव्हनित्से तिथून फार लांब नाही, आणि हिवाळ्यात तिथं अजूनही भरपूर बर्फ पडतो.